कॅमेऱ्याची बॅटरी टिकत नाही? नवीन घ्यायच्या आधी कोण खातंय ते शोधा

ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा कॅमेरा माझ्याकडे येतच असतो आणि सोबत ठरलेलं वाक्य, "बॅटरी गेलीय बहुतेक". कधी ती खरंच गेलेली असते. पण खूपदा बॅटरी ठणठणीत असते आणि कॅमेरा तिला बंद असताना खात असतो, नाहीतर चार्जर तिला पूर्ण भरतच नसतो, नाहीतर पिनांवर काजळी बसलेली असते. मग नवीन बॅटरी घेतली जाते, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. म्हणून बॅटरी, चार्जर आणि कॅमेरा हे तिघं आधी वेगळे करायचे आणि मग दोष कुणाचा ते ठरवायचं, बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी लक्षण नीट ओळखा

नुसतं "लवकर उतरते" म्हणून काही कळत नाही, कधी आणि कशी उतरते ते बघा.

– फोटो काढताना भराभर उतरते, पण बंद करून ठेवली तर जिथल्या तिथे राहते. इथे सेटिंग, वापरायची पद्धत किंवा म्हातारी झालेली बॅटरी.

– कॅमेरा बंद असतो, बॅगेत असतो, आणि तरी काही दिवसांनी काढला तर रिकामी. हे वेगळंच दुखणं आहे, यात कॅमेऱ्यावर जास्त संशय घ्या.

– टक्के उड्या मारतात. साठवरून एकदम लाल, कॅमेरा बंद, परत चालू केला तर पुन्हा चाळीस दाखवतो. बॅटरी आतून थकली की असं होतं, पिना घाण असतील तरी होतं आणि कडक थंडीत चांगल्या बॅटरीलाही होतं.

– चार्जर हिरवा झाला तरी कॅमेऱ्यात फुल दिसत नाही.

– ग्रिप दाबली किंवा कॅमेरा हलला की बंद पडतो. इथे बॅटरीचा बहुतेक काही संबंध नसतो.

– बॅटरी आत घट्ट बसते, निघत नाही. असं असेल तर पुढचं काही करू नका, लगेच खालचा परिच्छेद वाचा.

सगळ्यात आधी: बॅटरी फुगलीय का

दहा सेकंदांचं काम आहे पण वगळू नका. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने कोपरा दाबा, डुगडुगली किंवा मधे पोट आलेलं दिसलं तर ती बॅटरी संपली. लिथियम-आयन सेल आत गॅस धरतो तेव्हाच फुगतो, आणि असा सेल परत चार्ज करणं म्हणजे आग लागायचा धोका. फुगून कॅमेऱ्यात अडकली असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, टोक सेलमध्ये घुसलं तर तो तिथेच पेट घेऊ शकतो. कॅमेरा बंद करून तसाच सर्व्हिसवाल्याकडे न्या. गोडसर किंवा केमिकलचा वास, चिकट ओल, चार्ज होताना हातात धरवणार नाही इतकी गरम, याचाही अर्थ तोच. पिनांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नको.

पिना पुसा

फुकट आणि पाच मिनिटांत होणारं. बॅटरीच्या सोनेरी पट्ट्या, चार्जरच्या पिना आणि कॅमेऱ्याच्या आतल्या पिना या तिन्ही जागा बघा, लोक बॅटरी तेवढी पुसतात आणि आतलं विसरतात. बोटांचा तेलकटपणा आणि घाम साचला की तिथे रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, मग कॅमेऱ्याने फोकस मोटर किंवा फ्लॅशसाठी एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज पडतं आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. बॅटरी भरलेली असूनही लाल खूण येते ती अशी.

कोरड्या सुती कापडाने पुसा, डाग जात नसेल तर बॅटरीच्या पट्टीवर स्वच्छ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा चुरा झटका, तो आत पडला तर नवीन त्रास. आतल्या पिनांना काडीवरच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावून पुसा, कापूस टपकायला नको, आणि पूर्ण सुकल्याशिवाय बॅटरी घालू नका. पॉलिश पेपर मात्र नको, वरचा मुलामा निघतो आणि मग ती पट्टी कायमची काळी पडायला लागते.

हे करताना बॅटरीच्या झाकणापाशी एक छोटा खटका असतो तो पण बघा. झाकण बंद आहे हे कॅमेऱ्याला त्यावरून कळतं. त्यात धूळ गेली किंवा झाकणाची खुंटी झिजली की कॅमेरा हलताच बंद पडतो आणि दोष बॅटरीवर जातो. झाकणावर अंगठा दाबून ठेवल्यावर कॅमेरा नीट चालला तर गुन्हेगार सापडला.

रात्रीची चाचणी, या सगळ्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट

यालाही पैसे लागत नाहीत, दोन रात्री लागतात, आणि माझ्या मते ही केल्याशिवाय कुणी नवीन बॅटरी घेऊच नये.

पहिल्या रात्री बॅटरी फुल चार्ज करा, कॅमेऱ्यात टाकून टक्के बघून घ्या, मग काढून बाहेर टेबलावर ठेवा. सकाळी परत टाकून बघा. चांगली लिथियम बॅटरी एका रात्रीत स्वतःहून जवळपास काहीच गमावत नाही, तिचं आपोआप उतरणं महिन्याच्या हिशोबात मोजतात. बाहेर ठेवूनही ती लक्षात येण्याइतकी उतरली तर दोष बॅटरीत, पुढे शोधायची गरज नाही.

दुसऱ्या रात्री तीच बॅटरी परत फुल करून कॅमेऱ्यात घाला, कॅमेरा बंद करा आणि तसाच ठेवा. बाहेर टिकली आणि आत उतरली म्हणजे बंद कॅमेरा करंट ओढतोय. आता यात एक मेख आहे, हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं ब्लूटूथ स्विच बंद केल्यावरही जागं राहतं, फोनशी जोडी केलेली असते आणि बॅगेतल्या बॅगेत फोटो पाठवायची सोय दिलेली असते. जीपीएस असलेले काही कॅमेरे तर बंद असतानाही जागा नोंदवत राहतात. म्हणून रात्र परत करा पण आता मेनूतून ब्लूटूथ, वायफाय, जीपीएस सगळं बंद करून किंवा सरळ एअरप्लेन मोड लावून. टिकली तर उत्तर मिळालं, गरज असेल तेव्हाच ते चालू करायचं.

अजूनही उतरतेय? मग कार्ड काढून एक रात्र, आणि लेन्स बदलता येत असेल तर लेन्स काढून बॉडी कॅप (लेन्सच्या जागेचं झाकण) लावून एक रात्र. बिघडलेलं कार्ड कॅमेऱ्याला झोपू देत नाही, लिहायचा दिवा लुकलुकत राहतो. लेन्समधला स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) किंवा फोकसची मोटर अडकली असेल तर ती पण करंट खाते, शांत खोलीत कान लावला तर बारीक घरघर ऐकू येते. एका वेळी एकच गोष्ट बदला हे पाळा, दोन एकदम बदलल्या तर कुणामुळे फरक पडला ते कळायचं नाही.

ब्लूटूथ बंद, कार्ड नाही, लेन्स नाही, तरीही रात्रीत उतरते असं झालं तर शेवटच्या भागावर जा, ते घरचं काम नाही.

आता सेटिंग

बंद असताना टिकते पण वापरताना उतरते त्यांच्यासाठी हा भाग. करंट खरा कुठे जातो ते आधी समजून घ्या. आरशाच्या डीएसएलआरमध्ये ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला वीज जवळपास लागत नाही, म्हणून तो दिवसभर टिकतो, पण त्याच कॅमेऱ्यावर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं, लावलं की सेन्सर, प्रोसेसर आणि स्क्रीन तिन्ही सतत चालू. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, हे तिन्ही कायमच चालू असतात, फोटो काढा नाहीतर नुसता कॅमेरा हातात धरून उभे राहा. म्हणजे मिररलेसमध्ये किती फोटो काढले यापेक्षा किती वेळ जागा ठेवला यावर बॅटरी जाते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सेटिंग आपोआप सुचतात.

ऑटो पॉवर ऑफ एका मिनिटावर आणा. शटरचं बटण अर्धं दाबलं की तो लगेच उठतो, त्यामुळे फोटो चुकत नाही. स्क्रीनचा ब्राइटनेस फुलवरून मधे आणा. फोटो काढल्यावर तो आपोआप दिसतो ती वेळ दोन सेकंद पुरे. आणि प्रत्येक फोटोनंतर झूम करून बघायची सवय असेल तर ती दिसते त्यापेक्षा महाग पडते, कारण त्या वेळात स्क्रीन पूर्ण उजेडात चालू असते.

मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडरच्या बाजूला डोळा ओळखणारा सेन्सर असतो. कॅमेरा गळ्यात लटकत असताना तुमचं पोट किंवा शर्ट त्याच्यासमोर येतो, त्याला वाटतं डोळा आला आणि व्ह्यूफाइंडर चालू होतो. बऱ्याच मॉडेलमध्ये व्ह्यूफाइंडर मागच्या स्क्रीनपेक्षा जास्त खातो. चालताना कॅमेरा बंदच करा.

अर्धं बटण न दाबताही सतत फोकस करत राहणारा मोड असतो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मेनूत नाव वेगळं, पण प्री-एएफ किंवा कंटिन्युअस एएफ अशा नावाखाली सापडेल. व्हिडिओ काढत नसाल तर तो बंद करा, लेन्सची मोटर उगाच हलत राहते. स्टॅबिलायझर सतत किंवा फक्त फोटोच्या वेळी असे पर्याय देत असेल तर दुसरा घ्या आणि ट्रायपॉडवर तो बंदच ठेवा. अंगचा फ्लॅश ऑटोवर असेल तर अंधार पडला की प्रत्येक फोटोला कॅपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग) भरावा लागतो आणि ते मोठं ओझं आहे, नको असेल तेव्हा फ्लॅश बंदची खूण निवडा. व्हिडिओ, त्यातही फोरके, बॅटरी भराभर पिणारच, तिथे सेटिंगने फार वाचत नाही, जास्तीची बॅटरी बाळगा.

बीप बंद करणं, रॉ ऐवजी जेपेग काढणं असले सल्ले दिले जातात, त्याने फरक इतका थोडा पडतो की त्यासाठी हवी ती गोष्ट सोडू नका. आणि छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर पूर्ण बंद करून परत चालू करणं उलट जास्त खातं, कारण दर वेळी मोटरने लेन्स बाहेर येते आणि आत जाते. तिथे झोपू देणं बरं.

एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. कॅमेरा चालू राहिला आणि घट्ट बॅगेत ठेवला, तर बॅगेची भिंत शटरचं बटण अर्धं दाबते आणि तो झोपतच नाही. बॅगेतून गरम कॅमेरा निघाला तर हेच झालंय.

खोक्यावरचा आकडा

बॅटरी एवढ्या फोटोंची म्हणून लिहिलेलं असतं आणि तेवढे निघत नाहीत म्हणून बॅटरी खराब असं धरू नका. तो आकडा सिपा या जपानी कॅमेरा संघटनेच्या ठरलेल्या पद्धतीने मोजतात, २३ अंश तापमान, साधारण दर ३० सेकंदांनी एक फोटो, अंगचा फ्लॅश असेल तर अर्ध्या फोटोंना फ्लॅश. तुम्ही भराभर बर्स्ट मारले तर त्याहून खूप जास्त फोटो निघतील, आणि एका फोटोसाठी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलात तर कितीतरी कमी. तुलना करायची तर तुमच्याच कॅमेऱ्याच्या जुन्या दिवसांशी करा.

चार्जर

चार्जरमध्ये बॅटरी लावल्यावर दिवा वेड्यासारखा वेगाने लुकलुकत असेल तर तो चार्ज करतच नाहीये, पिना, तापमान किंवा बॅटरीची चिप यातलं काहीतरी त्याला पटत नाहीये. काही चार्जरचे दिवे टप्पे सांगतात, उदाहरणार्थ कॅननच्या एलसी-ई६ वर नारिंगी दिवा एकदा लुकलुकला तर निम्म्याच्या आत, दोनदा म्हणजे ५० ते ७४ टक्के, तीनदा म्हणजे ७५ च्या वर. ते न बघता मधेच काढली तर अर्धीच भरलेली हातात येते. शेवटचा भाग चार्जर मुद्दाम हळू भरतो, त्यामुळे वेळ द्या.

यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज करत असाल तर कॅमेरा बंद ठेवा, कित्येक मॉडेल चालू असताना चार्ज घेतच नाहीत. काहींना यूएसबी पॉवर डिलिव्हरीचाच अडॅप्टर लागतो, साध्या फोन चार्जरवर ते गप्प बसतात किंवा मुंगीच्या गतीने भरतात. केबल बदलून बघा, हे पण फुकट आहे.

मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तर एक खात्री करता येते. ७.२ व्होल्ट लिहिलेली बॅटरी म्हणजे आत दोन सेल एकापुढे एक, पूर्ण भरल्यावर एकेक साधारण ४.२, मिळून ८.४ च्या आसपास. चार्जर हिरवा झाल्यावर ८ च्या खालीच असेल तर एक तर चार्जर अर्ध्यात सोडतोय नाहीतर सेल भरायला तयार नाही. दुसरी चांगली बॅटरी त्याच चार्जरवर लावून बघितली की कोण ते कळेल. फक्त अधिक आणि उणे खूण असलेल्या पट्ट्यांवरच टोकं लावा, मधल्या पट्ट्या तापमानाच्या आणि चिपच्या असतात, आणि दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. आणि व्होल्टेज बरोबर आलं म्हणजे बॅटरी चांगली असं मुळीच नाही, म्हातारी बॅटरीसुद्धा काही काम नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते, ओझं पडलं की कोसळते.

बॅटरीचं वय

निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूमध्ये बॅटरी इन्फो म्हणून पान असतं, त्यात वय ० ते ४ असं दिसतं, ४ म्हणजे बदलायची वेळ. थंडीत, ५ अंशांच्या खाली चार्ज केली असेल तर हा आकडा तात्पुरता चुकीचा येऊ शकतो, उबेत परत चार्ज करून बघा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रिचार्ज परफॉर्मन्सचे तीन ठोकळे असतात, तिन्ही हिरवे म्हणजे उत्तम, एकच लाल उरला तर नवीन घ्या. ज्यात असं काही नाही तिथे मित्राची चांगली बॅटरी मागून आपल्या कॅमेऱ्यात एक दिवस चालवा, याहून खात्रीची परीक्षा नाही.

टक्के उड्या मारतात पण एकूण वेळ बरा निघतोय, अशी केस असेल तर चिपची मोजणी घसरलेली असू शकते. एकदा फुल करून कॅमेरा स्वतः बंद पडेपर्यंत वापरा आणि मग न थांबवता पूर्ण चार्ज करा. हे कधीतरीच, दर वेळी रिकामी करून भरायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम सेलची, लिथियमला तसली मेमरी नसते आणि पूर्ण रिकामी करणं तिला उलट त्रासाचं.

दुसऱ्या कंपनीची स्वस्त बॅटरी असेल तर छापलेल्या एमएएचवर, म्हणजे किती चार्ज मावतो त्या आकड्यावर, विश्वास ठेवू नका. मूळ बॅटरीच्या शेजारी वजनकाट्यावर ठेवा, आकडा जास्त आणि वजन लक्षात येण्याइतकं कमी असेल तर आत तेवढा मालच नाही. अशा काही बॅटऱ्या चिपचे टक्केही कॅमेऱ्याला नीट सांगत नाहीत, म्हणून फुल फुल म्हणत अचानक बंद.

थंडीत बॅटरी लवकर संपली तर लगेच फेकू नका. शून्याच्या आसपास आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि करंट देता येत नाही, आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवली की पुष्कळसा चार्ज परत दिसतो. दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरा. गोठणबिंदूच्या खाली चार्ज मात्र करू नका, आत धातूचं लिथियम साचतं आणि ते नुकसान परत भरून येत नाही.

डबल ए सेलवाले कॅमेरे

थोडक्यात. अल्कलाइन सेल कॅमेऱ्यात पटकन हरतात कारण त्यांचा आतला रेझिस्टन्स जास्त, भरपूर जीव शिल्लक असताना कॅमेरा संपले म्हणतो, तेच सेल भिंतीच्या घड्याळात पुढे कितीतरी चालतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, त्यातही पडून राहिले तर आपोआप कमी उतरणारे, आणि मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो नक्की बदला, कारण यांचं व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असतं आणि कॅमेरा त्यावरून चुकीचा अंदाज करतो. नवा जुना सेल मिसळू नका, कमजोर सेल बाकीच्यांना खाली ओढतो. सेल गळून पांढरी पूड आली असेल तर ती अल्कली असते, हातमोजे घालून व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, मग अल्कोहोलने, आणि सुकू द्या.

ठेवायचं कसं

महिनाभर कॅमेरा वापरायचा नसेल तर बॅटरी काढून ठेवा, अर्धी भरलेली, थंड कोरड्या जागी. फुल भरलेली आणि गरम जागी, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत वगैरे, ठेवणं हे लिथियम बॅटरीचं आयुष्य सगळ्यात जास्त कमी करतं. आणि सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात नको, प्लास्टिकची टोपी लावा. बॅटरी काढल्यावर दर वेळी तारीख पुसली जात असेल तर दोष आतल्या घड्याळाच्या छोट्या सेलचा असतो, मुख्य बॅटरीचा नाही.

कुठे थांबायचं

फुगलेली किंवा गळकी बॅटरी, वर सांगितलंच. कॅमेऱ्यात पाणी गेलंय. आतल्या पिना वाकल्यात किंवा आत दबून राहिल्यात. चांगली माहितीतली बॅटरी, कार्ड नाही, लेन्स नाही, सगळं वायरलेस बंद, तरी रात्रीत रिकामी. यातलं काहीही असेल तर थांबा, ते घरचं काम नाही. शेवटच्या प्रकारात दोष बहुतेक पॉवर बोर्डात किंवा स्विचमध्ये असतो आणि तो घरी निघत नाही.

बॉडीचे स्क्रू मात्र स्वतः उघडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात त्याचा कॅपॅसिटर साधारण ३०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो. बॅटरीचं कवचही फोडून सेल बदलायच्या भानगडीत पडू नका.

सर्व्हिसला देताना कॅमेऱ्याबरोबर बॅटरी आणि चार्जर दोन्ही द्या, कार्ड काढून ठेवा, आणि एका चिठ्ठीवर लिहून द्या: बाहेर ठेवून रात्रीत किती टक्के उतरली, आत ठेवून किती, ब्लूटूथ बंद करून किती, लेन्स काढून किती. नुसतं बॅटरी टिकत नाही म्हटलं तर ते पण नवीन बॅटरी घालून बघण्यापासून सुरुवात करतील, हे चार आकडे हातात असले की थेट बोर्डाकडे बघतील.